कोरिया कुठं, फुलंब्री कुठं

हिंदनगर छावणी, कोरिया
२८ सप्टेंबर १९५३

अक्का,

तुझ्या आणि तात्यांच्या पायावर डोकं ठेवतो. मी पोचलो, धड आहे. बोटीत लई उलट्या झाल्या, पण त्यानं माणूस मरत नाय हे तात्यांना सांग.

बंदरात आलो तर इथल्या दक्षिणेकडच्या सरकारनं ठणकावलं, हिंदुस्थानी फौजेचं पाऊल आमच्या जमिनीवर पडता कामा नये. मग आम्हाला हेलिकॉप्टरनं उचलून आणलं. ते विमानच, पण डोक्यावर पंखा, आणि उभ्याउभ्याच वर उठतं. जन्मात पहिल्यांदा उडालो, ते कुणाला आपलं पाऊल नको म्हणून.

तू विचारशील, लढाई थांबली ना, मग तुमचं काय काम? कोरियाचे दोन तुकडे, तीन वर्षं एकमेकांशी लढले. दोन्हीकडं कैदी धरले. आता सोडायची वेळ आली तर हजारो कैदी म्हणतात, आम्हाला आमच्या मुलखात परत जायचं नाय. एक बाजू म्हणते हे मनापासून बोलतात, दुसरी म्हणते धाकानं बोलतात. मग ठरलं की जो कुणाचाच नाय अशा तिसऱ्यानं त्यांना काही महिने सांभाळावं. तो तिसरा म्हणजे आम्ही. तारेच्या आत ते, बाहेर आम्ही, हातात काठी.

परवा सकाळी मी कुंपणाच्या कोपऱ्यावर पहाऱ्याला होतो. आतून एक जण पळत आला. माझ्याच वयाचा असेल. तारेवर चढला. हाताचं कातडं सोलून निघालं तरी थांबेना. मागून जमाव दगड मारत आला. मला वाटलं हा माझ्यावरच येतोय, मी काठी उगारली. तो वरून पडला तो माझ्या पायाशी. दोन्ही हातांनी माझा पाय धरला आणि एकच शब्द ओरडत राहिला. दुभाष्याला विचारलं, काय म्हणतो हा? तो म्हणाला, "घर म्हणतोय. घरी जायचंय म्हणतोय."

अक्का, दगड त्याला मारत होते. मला नाय. त्याच्याच बोलीचे, त्याच्याच पलटणीचे. घरी जायचं म्हणाला एवढ्यासाठी. मी अजून त्यातून बाहेर आलो नाय. माझ्या पोटरीवर त्याच्या बोटांचे वळ आहेत.

गावाकडची खबर लिही. सगळं लिही, काही गाळू नको.

तुझा
वैजनाथ

*

औरंगाबाद
१९ ऑक्टोबर १९५३

चि. वैजू,

तुझं पत्र दसरा झाल्यावर हातात पडलं. तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुझ्या वाटणीचं सोनं देवापाशी ठेवलंय. तात्या फुलंब्रीला बरे आहेत. मी दर पंधरवड्याला जाऊन येते. शाळा चालू आहे, गुलमंडीमागची खोली तीच आहे.

तुझं पत्र वाचून मी वर्गात नकाशा काढला आणि मुलींना कोरिया दाखवला. एका मुलीनं विचारलं, "बाई, तिथं आपलं कोण आहे?" मी म्हटलं, माझा भाऊ आहे. ती म्हणाली, "तो जायच्या आधी कोण होतं?" मला उत्तर सुचलं नाही.

राग मानू नको, पण मला सुचलं नाही कारण उत्तरच नाही. कोरिया कुठं, फुलंब्री कुठं! त्यांच्या भांडणात आपली पोरं कशाला? तुझ्या दाजींना हर्सूलच्या पुढं रझाकारांनी बसमधून खाली उतरवलं, तेव्हा बस गच्च भरलेली होती. कुणी उठलं नाही. पुण्या-मुंबईच्या पेपरात एक ओळ आली नाही. आपण निजामाच्या मुलखातले, म्हणजे त्यांच्या लेखी परदेशातलेच. तेव्हा कुणी आमच्यासाठी हळहळलं नाही. तर मी आता कुणासाठी हळहळू? माझ्याकडं तेवढं उरलेलं नाही, वैजू. जे आहे ते तुझ्यासाठी आणि तात्यांसाठी.

बाकी विशेष काही नाही. जैनबखाला आठवते ना, आपल्या आळीतली मणियारीण, तुझ्या मुंजीत घरभर बायकांना बांगड्या भरल्या होत्या ती? पोलीस अॅक्शननंतर त्यांचं घर सुटलं, तेव्हापासून ती इथं शहरातच असते. परवा शाळेच्या फाटकाशी आली होती. म्हणते फुलंब्रीला परत जायचंय, तू तात्यासाहेबांच्या कानावर घाल. तिच्या घरात आता आप्पासाहेबकाका कडबा भरतात. मी म्हटलं, खाला, इथं काय वाईट आहे? चहा पाजला आणि वाटेला लावलं. आपण कशाला मधे पडायचं?

थंडी फार असेल तर छातीला मोहरीचं तेल लावत जा.

अक्का

*

हिंदनगर छावणी
१२ नोव्हेंबर १९५३

अक्का,

मागच्या पत्रातल्या माणसाचं नाव चोई. शेतकरी आहे, भाताची जमीन कसतो. त्याला वेगळ्या छावणीत ठेवलंय, कारण तो साक्षीदार आहे. कशाचा, ते लिहितो. वाचवत नसेल तर हे पान सोडून दे.

त्याचा धाकटा भाऊ आतच राहिला होता. दोघांनी मिळून तार ओलांडायचं ठरवलं होतं. चोई निघाला, भाऊ मागं पकडला गेला. चोई रोज विचारायचा, तो कुठंय? आतले म्हणायचे, असा कुणी नव्हताच. शेवटी साहेबांनी झडतीचा हुकूम दिला. आम्ही आत शिरलो. ते सगळे हातात हात अडकवून उभे, गाणी म्हणत, हलेनात. एका तंबूतली जमीन नुसती चोपून बसवलेली दिसली. मी पहार घातली. वीतभर खाली हात लागला.

तंबूच्या दांड्यांनी मारलं होतं. ते त्याच्यावर झोपत होते अक्का. त्याच्यावर चटया टाकून झोपत होते, जेवत होते. चोईला ओळख पटवायला आणलं तेव्हा त्याचा हात मी धरला होता. तो रडला नाय. त्यानं भावाच्या तोंडावरची माती बोटानं पुसली आणि आमच्याकडं असं बघितलं, जसं काही आम्हीच ती टाकली.

आता रोज कैद्यांना एकेक करून एका तंबूत आणतात. त्यांच्या मुलखाचे अधिकारी त्यांना समजावतात, घरी चला म्हणून. तंबूला दोन दारं. एकातून गेला तर घरी, दुसऱ्यातून गेला तर परत कुंपणात. काही जण किंचाळत येतात, खुर्च्या फेकतात. काल एक जण आला. मधे उभा राहिला. इकडं बघे, तिकडं बघे. मग तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही कान झाकून घेतले.

हे बघून आलो आणि तुझं पत्र मिळालं. अक्का, तू खालाला चहा पाजून वाटेला लावलंस? घरी जायचं म्हणाली म्हणून? मी ती ओळ परत परत वाचली. मला वाटलं मी चुकीचं वाचतोय. माझी अक्का असं लिहिणार नाय.

तू म्हणतेस आपल्यासाठी कुणी आलं नाय. आलं की. उशिरा आलं, पण सोलापूरच्या रस्त्यानं रणगाडे घेऊन आलं. त्यातली निम्मी पोरं कुठली कुठली, पंजाबातली, मद्रासेकडची. त्यांना फुलंब्री नकाशात सापडली नसती. त्यांच्या आयापण म्हणाल्या असतील, तो मुलूख कुठं आणि आपण कुठं. त्यांना बघूनच मी फौजेत भरती झालो.

तू खालाला घेऊन फुलंब्रीला जा. तात्यांपुढं उभी कर. तुला माझी शपथ आहे.

वैजनाथ

*

औरंगाबाद
२ डिसेंबर १९५३

वैजनाथ,

शपथा घालायला तू लांब आहेस, ते बरं आहे.

तू मला शिकवतोस? त्या दिवसांत तू मनमाडला, निजामाविरुद्धच्या चळवळीच्या कँपात होतास. मी इथं होते. तुला सगळं ठाऊक आहे असं तुला वाटतं. तर ऐक, जे मी तुला कधी सांगितलं नाही, तात्यांनी सांगू दिलं नाही.

तुझ्या दाजींची बस ज्यांनी अडवली त्यांत खालाचा करीम होता. तुझ्याबरोबर विटीदांडू खेळणारा करीम. खाकी कपड्यांत, खांद्याला बंदूक. बसमधल्या मनकर्णाबाईनं त्याला डोळ्यांनी बघितलं. तुझ्या दाजींनी त्याला ओळखलं आणि हाक मारली, "अरे करीम!" म्हणून. ती म्हणते, हाक मारली म्हणूनच उतरवलं. ओळख निघाली म्हणूनच सोडता येईना.

आता सांग, कुणाला घेऊन कुठं जाऊ?

तुझ्या त्या चोईची मला दया येते. दया येणं सोपं आहे, तो लांब आहे. त्याच्या भावाला मारणाऱ्याची आई माझ्या शाळेच्या फाटकाशी येत नाही. लांबच्यांचं दुःख वाहणं हे मला आता चैनीचं काम वाटू लागलं आहे. तिकडं रडावं, हात झटकावे, बोटीत बसावं.

तब्येतीला जप.

अंबिका

*

हिंदनगर छावणी
२४ डिसेंबर १९५३

अक्का,

पत्र मिळालं. मी ते घेऊन पाणवठ्याशी जाऊन बसलो. बादलीतलं पाणी गोठलेलं होतं, त्यात माझं तोंड दिसत होतं, तेही ओळखू येईना.

करीम. मला अजून खरं वाटत नाय. खोटं आहे असं म्हणत नाय मी. फक्त आत जात नाय ते. मला त्याचा चेहरा आठवतो तो चिंचा पाडतानाचा. त्याच्या अंगावर खाकी चढवून बघतो, चढत नाय.

मी घातलेली शपथ मागं घेतो. मला काही विचारायचा हक्क नव्हता. मी तिकडं नव्हतो.

एकच गोष्ट लिहितो, ती तुला पटवायला नाय. माझ्या पोटात राहत नाय म्हणून. चोईची साक्ष झाली. भावाला मारणाऱ्यांत चार जण होते, आणि त्यातला एक चोईच्याच गावचा निघाला. कोर्टात ते समोरासमोर उभे होते. दुसऱ्या दिवशी चोईला त्याच्या मुलखात पाठवणार होते. मी दुभाष्याला म्हटलं, त्याला विचार, गावी गेल्यावर त्या माणसाच्या घरच्यांचं काय करणार? मला वाटलं, म्हणेल जाळून टाकीन. किंवा म्हणेल देव बघून घेईल.

त्यानं सांगितलं, "त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. भिंत एकच आहे."

दुभाष्यानं दोनदा विचारलं, पुढं काय? तो म्हणाला, पुढं काही नाही. असं आहे.

सकाळी गाडीत बसला तेव्हा माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाय. घराकडं तोंड करून बसला होता.

तू तुझ्या मनाला येईल ते कर. मी तुझा भाऊ आहे, तिला नेलंस तरी आणि नाय नेलंस तरी.

वैजू

*

औरंगाबाद
१८ जानेवारी १९५४

चि. वैजू,

तुझं पत्र आलं त्याला दिवस झाले. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची. आता जे झालं ते सरळ लिहिते.

मी खालाकडं गेले. तिला घेऊन जायला नाही. तोंडावर सांगायला. पाच वर्षं पोटात ठेवलं होतं, तू ते हलवलंस. म्हटलं, जिला सांगायचं तिला सांगूनच येते.

शहागंजाच्या बाजूला एका बोळात तिची खोली आहे. ती बांगड्यांचे डबे पुसत बसली होती. मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, "खाला, बस अडवली त्या दिवशी तुमचा करीम त्या टोळीत होता."

ती रडेल, नाही म्हणेल, शपथा घेईल, या सगळ्याची तयारी करून मी गेले होते. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मालूम है मेरेकू," म्हणाली.

मी म्हटलं, "माहीत आहे? आणि तरी माझ्याच दाराशी आलात? गावात दुसरं कुणी नव्हतं?"

"तेरेच पास आना था, बेटी. गाँव नक्को बोला तो मैं लडूँगी. मेरा घर है. लेकिन तू नक्को बोली तो नहीं जाऊँगी. तेरा हक है."

मी करीम कुठं आहे विचारलं. म्हणाली, "जिंदा है कि नहीं, कोई बताता नहीं." मग तिच्या नवऱ्याचं, मौलाचाचाचं निघालं. तुला एवढंच माहीत आहे की पोलीस अॅक्शनच्या गडबडीत ते गेले. ते आपल्या आळीच्या विहिरीत सापडले होते वैजू. आणि त्यांना कुणी ढकललं हे फुलंब्रीत प्रत्येकाला ठाऊक आहे, मलासुद्धा. आपण सगळ्यांनी त्या विहिरीचं पाणी पुढं पाच वर्षं प्यायलं. खाला म्हणाली, "तेरा मरद बस में से उतारे, मेरा बावडी में से निकाले. अब इस पे मैं क्या बोलूँ?"

नाही हा शब्द माझ्या तोंडात आला होता. खरंच आला होता. मी म्हणाले, "रविवारी सकाळची बस आहे."

हर्सूलच्या पुढच्या त्या वळणावर मी दर वेळी डोळे मिटून घेते. या वेळी खाला शेजारी होती, तर उघडे ठेवले. तिथं काही नाही वैजू. एक बाभूळ आहे आणि मैलाचा दगड. एक म्हातारा शेळ्या चारत होता. मला धक्काच बसला. तिथं काहीतरी असायला हवं होतं.

गावात शिरलो, सरळ आळीत गेलो. खालाच्या दाराला कडी नव्हती, आत छतापर्यंत कडबा. ती उंबऱ्यावर बसली. आप्पासाहेब आले, मागं माणसं. म्हणाले, "म्हातारे, घराचा कागद हाय का?" ती म्हणाली, "तुमच्याच सामने बांधे थे." कुणी हसलं. मग ते माझ्याकडं वळले. "अंबिके, तू मास्तरीण झालीस म्हणून आम्हाला शानपन शिकवतीस? कुणाच्या आईला घेऊन आलीस कळतंय का? तुझ्या कुंकवाची तरी याद ठेवायची."

मला काय झालं सांगता येत नाही. आवाज माझा नव्हताच. मी म्हणाले, "काका, माझ्या कुंकवाचं नाव तुम्ही घेऊ नका. माझा नवरा मेला तो तुमच्या कडब्याला जागा व्हावी म्हणून नाही."

मीच घाबरले. तेवढ्यात तात्या काठी टेकत आले. मला वाटलं मला घरी ओढून नेतील. पण ते खालाच्या उंबऱ्यावर, तिच्यापासून हातभर अंतर सोडून, धोतर सावरत बसले. ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात. शेवटी आप्पासाहेबांचा गडी पुंजाराम मालकाकडं न बघता आत शिरला आणि त्यानं कडब्याची पहिली पेंढी बाहेर फेकली.

खाला आता तिथं राहते. माझ्या मनात तिच्याबद्दल माया आली असं समजू नको. आली नाही. तिनं पाणी दिलं तर तांब्या तसाच खाली ठेवला. पण ती तिथं राहते.

तू कधी निघणार?

अक्का

*

बोटीवरून
१६ फेब्रुवारी १९५४

अक्का,

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. मी ते खिशात ठेवलंय. पुढल्या बंदरात टपाल उतरवतील म्हणून घाईनं लिहितो. बोट मद्रासला लागेल.

विहिरीचं वाचलं. आणि त्यापुढचंही वाचलं. त्यावर मी काय लिहू? मी तिकडं असतो तर आप्पासाहेबांपुढं तोंड उघडलं असतं की नाय, मला सांगता येत नाय.

इकडचं ऐक. आमची मुदत संपली. जे घरी नाय म्हणाले होते ते कैदी दुसऱ्या बाजूच्या ताब्यात गेले, बँड लावून, झेंडे नाचवत. चोईच्या भावाचा खटला अर्धाच राहिला. वेळ संपली म्हणाले. मारणारे चौघं आमच्या समोरून इतरांबरोबर चालत गेले. त्यातल्या एकानं जाताना मला सलाम ठोकला. मी हात उचलला नाय. तंबूखालून ज्याला मी माझ्या हातानं उकरला, त्याच्यासाठी शेवटी काहीच झालं नाय.

तुला मोठ्या तोंडानं लिहिलं होतं की लांबच्यांसाठी जावं. आता मलाच कळत नाय, आम्ही एवढा समुद्र ओलांडून काय केलं. एक माणूस तार ओलांडून पडला तेव्हा त्याला पडायला जागा होती. एवढंच केलं असेल.

आणि अजून एक. आमच्या बोटीवर काही कैदी आहेत. दोन्ही दारं नको म्हणणारे. ते हिंदुस्थानात येतायत. त्यातला एक पोरगेला आहे, रोज माझ्याकडून एकेक शब्द शिकतो. पाणी, मीठ, दोरी. दुभाष्याकडून मी विचारलं, घरी का नाय गेलास? म्हणाला, "इकडं राहिलो तर ते मारतील, तिकडं गेलो तर हे मारतील. तुमच्या देशात मला कुणी ओळखत नाही, म्हणून मी येतो."

मला तेव्हा दाजींची हाक आठवली. त्याच्याकडं बघवेना.

सुट्टी मिळाली की येतो.

वैजू

*

फुलंब्री
१४ मार्च १९५४

चि. वैजू,

तू हिंदुस्थानच्या जमिनीवर उतरलास हे कळलं. आता पाऊल कुणी नको म्हणणार नाही.

पत्ता बघून चमकला असशील. मी रजा काढून इथं आले आहे. खालाचं छप्पर जाळलं.

बाजारचा दिवस होता, दुपार होती. ती माल आणायला शहरात गेली होती, म्हणून जिवंत आहे. आग कुणी लावली हे गावाला ठाऊक आहे आणि पोलिसांना नाही. नेहमीसारखंच. पुंजाराम सायकल हाणत शाळेत सांगायला आला. मी वर्ग तसाच सोडून निघाले. बसमध्ये माझ्या मनात एकच होतं, की मीच तिला तिथं नेलं.

येऊन बघते तर आग विझलेली होती. भिंती काळ्या, पण उभ्या. आणि आळीतल्या बायका दारात चिंब भिजून बसलेल्या, हंडे-कळश्या पालथ्या. सगळ्यांत आधी साळूबाई धावली होती. साळूबाई, जिचा दीर रझाकारांनी मारला! मी तिचे हात धरले, म्हटलं, साळूबाई, तुम्ही? तर माझ्यावरच खेकसली. "मला पुन्यवान करू नगं. वारं माझ्या घराकडं व्हतं. म्हातारीसाठी नाय आले मी, माझ्या छपरासाठी आले."

खरं तेच बोलली ती. बाकीच्याही त्यासाठीच आल्या. मी तिला नावं ठेवत नाही. पण ज्या विहिरीतून मौलाचाचाला काढलं त्याच विहिरीचं पाणी होतं ते, आणि आळीभर बायका ते हातोहात देत होत्या, हे मी गुपचूप मनात ठेवलं.

सध्या खाला आपल्या घरी आहे. तात्यांनीच तिची वळकटी आत आणली. ते आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. सकाळी दोघं ओसरीच्या दोन टोकांना बसून खोकतात.

आता मी हे पत्र का लिहिते ते. तुझं बोटीवरचं पत्र माझ्या पिशवीत होतं. काल खालानं विचारलं, भय्या क्या लिखता? मी ते तिला वाचून दाखवलं. सगळं नाही, दाजींची ओळ गाळली. तंबूखालच्या पोराचं ऐकताना तिनं पदर तोंडात कोंबला. त्या बोटीवरच्या पोरांचं तिनं मला पुन्हा वाचायला लावलं, सावकाश. ती गाव सोडून गेली, घर जळालं, तेव्हा तिच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं. काल बघितलं.

मग तिनं विचारलं, "इन बच्चों की माँवाँ कू कोई बोला क्या, कि बच्चे जिंदा हैं?"

मी तुझं पत्र वरपासून खालपर्यंत परत वाचलं. त्यात ते नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, आणि मी स्वतःला शहाणी समजते.

वैजू, त्यांच्या आयांना कुणी कळवलं का? तुला माहीत असेल तर लगेच लिही. नसेल तर त्या शब्द शिकणाऱ्या पोराला विचार, त्याचं गाव कुठलं, आईचं नाव काय, आणि तिच्यापर्यंत टपाल जातं का. माझ्या मुलींना मी सांगितलंय, त्या नकाशावर गाव शोधतील.

खाला वाट बघते आहे. मीही.

अक्का